पिवळ्या खोक्यातली मराठी

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझा भाचा सुटीसाठी मोर्शीला आला होता. दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नव्हती, म्हणून तो माळ्यावर चढला आणि तिथून एक जुना संगणक खाली घेऊन आला. १९९८ साली मी आणि माझ्या एका शिक्षक मित्राने मिळून हा संगणक घेतला होता. त्यावर आम्ही काही वर्षे लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका जुळवल्या. घेतला तेव्हा तो मलईच्या रंगाचा होता. माळ्यावरून उतरला तेव्हा त्याचा रंग जुन्या तुपासारखा, काही ठिकाणी तर चक्क हळदीसारखा झाला होता. पोराने समोरच्या बाजूला चिकटवलेला विक्रेत्याचा कागद नखाने काढला, तर खाली पांढरा स्वच्छ चौकोन. "मामाजी, पाहा बरं," तो म्हणाला, "याचा असली रंग हा व्हता."

त्यानंतरचे आठ दिवस आमची गच्ची ही प्रयोगशाळा झाली. पोराने खोक्याचे सुटे भाग केले, साबणाच्या पाण्याने धुतले, त्यावर ब्यूटी पार्लरमध्ये केसांसाठी वापरतात ते पेरॉक्साइडचे मलम फासले, वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि ते सारे वऱ्हाडच्या उन्हात ठेवून दिले. दर तासाला उलटवायचे, वाळत आले की पुन्हा मलम लावायचे. पापड-कुरडयांच्या शेजारी हे नवे वाळवण पाहून शेजारच्या बायका विचारपूस करून गेल्या. चौथ्या दिवशी खोके दुकानातून आणल्यासारखे दिसू लागले. मलाही आनंद झाला, हे मान्य केले पाहिजे. आपल्या तरुणपणाची एखादी वस्तू तरुण होऊन परत समोर आली तर कोणाला आनंद होणार नाही?

त्या आनंदाची किंमत मला नंतर कळली. तिच्याबद्दल लिहिण्यापूर्वी हे पिवळेपण येते कुठून, ते पाहू.

पिवळेपण कुठून येते?

ऐंशी आणि नव्वदच्या दशकातले संगणक, कळफलक, छपाईयंत्रे आणि व्हिडिओ गेमचे डबे मुख्यतः एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असत. अ‍ॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तीन घटकांपासून ते बनते. मजबूत, हलके, साच्यात सहज ओतता येणारे. यातला ब्युटाडाइनचा रबरासारखा भाग प्लास्टिकला चिवटपणा देतो, पण प्रकाश, उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांच्यापुढे सर्वांत आधी हार खातो तोही हाच. त्यात यंत्र तापून पेट घेऊ नये म्हणून ब्रोमीनयुक्त अग्निरोधक मिसळलेले असे. अतिनील किरणांनी ही रसायनेही विघटित होतात आणि पिवळेपणात भर घालतात. कोणाचा वाटा किती यावर जाणकारांचे पूर्ण एकमत नाही. परंतु एकाच यंत्राचे झाकण पिवळे आणि तळ पांढरा असे का होते, याचे उत्तर यात सापडते. दोन भाग प्लास्टिकच्या दोन वेगळ्या घाण्यांतून ओतलेले असतात आणि त्यांतले मिश्रण सारखे नसते. नव्वदच्या सुरुवातीच्या सुपर निंटेंडो यंत्रांत हा प्रकार इतका सर्रास आढळतो, की जगभरचे हौशी लोक त्याला ओळखीची खूण मानतात.

आपल्याकडे या वस्तू थोड्या उशिरा आल्या. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' प्रकल्पाखाली २५० शाळांपासून सुरुवात करून इंग्लंडचे बीबीसी मायक्रो संगणक शाळांत दिले, तेव्हा संगणकाच्या खोलीत चपला काढून जावे लागे. पुढे नव्वदच्या दशकात 'टर्मिनेटर', 'लिटल मास्टर' अशा नावांचे व्हिडिओ गेम आले. जपानच्या निंटेंडो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या त्या नकला होत्या. मारिओ आणि कॉन्ट्रा यांच्यापायी तालुक्याच्या गावांतल्या पोरांनीही परीक्षा बुडवल्या. त्यानंतर जागोजाग जुळणी केलेले संगणक, त्यांवर कापडी खोळ आणि खंडेनवमीला पडद्याच्या कोपऱ्यात कुंकवाचे स्वस्तिक. या साऱ्या वस्तू आता एकाच रंगाच्या झाल्या आहेत.

पांढरे करण्याची विद्या

२००८ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतल्या जुन्या संगणकांच्या शौकिनांना हायड्रोजन पेरॉक्साइडचा हा उपाय गवसला. पेरॉक्साइड, कपड्यांचे डाग काढणारी थोडी ऑक्सिजनयुक्त पूड आणि घट्टपणासाठी एखादा डिंकासारखा पदार्थ, असे मिश्रण लावून अतिनील प्रकाशात ठेवायचे. त्याला त्यांनी 'रेट्रोब्राइट' असे नाव दिले. पेरॉक्साइडमुळे प्लास्टिकच्या पृष्ठभागावरचे रंगीत रेणू ऑक्सिडीकरणाने रंगहीन होतात. मात्र झिजलेले प्लास्टिक त्यामुळे पूर्ववत होत नाही. पांढरे झालेले भाग काही वर्षांत, कधी कधी अंधाऱ्या कपाटात ठेवूनही, पुन्हा पिवळे पडल्याचे अनेकांचे अनुभव आहेत. नुसत्या उन्हात ठेवूनही पिवळेपणा फिका होतो, असेही पुष्कळांनी पाहिले आहे. ज्या उजेडाने रंग चढवला तोच तो उतरवतो, हा निसर्गाचा गमतीदार व्यवहार आहे. प्रकाशातले काही किरण एक काम करतात, काही दुसरे.

ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुष्कळदा पिवळेपणा हा धूळ, हातांचा तेलकटपणा आणि बिडी-सिगारेटचा धूर यांचाच थर असतो. आधी कोमट साबणपाण्याने धुऊन पाहावे, अर्धे काम तिथेच होते. पार्लरमधले '४० व्हॉल्यूम'चे मलम म्हणजे सुमारे १२ टक्के पेरॉक्साइड. ते कातडी भाजते आणि डोळ्यांत गेल्यास घात करते. हातमोजे आणि चष्मा हवाच. ते घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून उन्हात ठेवू नये, आत वायू साठून बाटली फुटू शकते. आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात मलम पाहता पाहता वाळते, आणि जिथे वाळले तिथे पांढरे पट्टे उमटतात, ते मग निघत नाहीत. लोभाने जास्त वेळ ठेवले तर पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत होतो. आणि काचेच्या नळीचा जुना मॉनिटर पोरासोरांनी उघडूच नये. वीज बंद केल्यावरही त्यात जीव घेण्याइतका दाब शिल्लक असू शकतो.

रंग काढावा का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक पक्ष म्हणतो, पिवळेपणा हा यंत्राचा इतिहास आहे, तो पुसणारे तुम्ही कोण? दुसरा म्हणतो, हे यंत्र बनवणाऱ्याने पांढरे बनवले होते, पिवळेपणा हा रोग आहे आणि रोग बरा करण्यात पाप कसले? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पुराणवस्तूंचे जतन करणाऱ्यांचा एक साधा नियम आहे : जे उलटवता येणार नाही ते करू नये. धूळ पुसणे उलटवण्याची गरजच पडत नाही. पेरॉक्साइड लावणे उलटवता येत नाही. दुसरीकडे, साचलेले ते सगळेच पवित्र असेही नाही. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जाड कवच २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवले गेले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या झाकलेले मूळ रूप भाविकांना दिसले आणि कोणाचीही श्रद्धा उणावली नाही. उलट आपल्याच मुलखात चांगल्या काळ्या दगडाच्या हेमाडपंती देवळांना भक्तिभावाने ऑइलपेंट फासलेला पाहून जीव हळहळतो. तिथेही हेतू 'नवे दिसावे' हाच असतो.

माझे मत असे की घरची वस्तू, जी बाजारात हजारोंनी निघाली होती, ती मालकाने खुशाल पांढरी करावी. त्याआधी तिची छायाचित्रे घ्यावीत, मागचे क्रमांकाचे आणि विक्रेत्याचे कागद जपावेत आणि काय केले त्याची चिठ्ठी आत ठेवावी. जी वस्तू एकमेव आहे, किंवा जिच्याशी एखाद्या संस्थेचे, माणसाचे काम जोडलेले आहे, तिला हात लावू नये. तिचा पिवळा रंग तिच्या कामाच्या वर्षांची साक्ष आहे.

पण हा सारा वाद कवचाचा झाला. आम्ही संत्र्याच्या मुलखातले लोक. आंबिया बहाराचे फळ वरून हिरवे दिसले तरी आतून गोड असते, हे इथल्या पोरालाही ठाऊक असते. बाजाराला रंग हवा, म्हणून फळाची प्रतवारी करून त्याला मेणाची चकाकी देतात. ती चकाकी व्यापाराला लागते, खाणारा मात्र फोड तोंडात टाकून पाहतो. संगणकाच्या बाबतीत मी हे साधे शहाणपण विसरलो.

आतले काय झाले?

पोराने खोके सुटे केले तेव्हा आतल्या पट्ट्या, तारा, पंखा आणि चकती यांचा ढीग एका बाजूला पडला होता. "याचं काय करू, मामाजी?" असे त्याने विचारले. "दे भंगारात," मी सांगितले. चार-सहा किलोंचा तो ऐवज दारावर आलेल्या भंगारवाल्याने तोलून नेला. रिकामे, पांढरेशुभ्र खोके दिवाणखान्यातल्या फळीवर विराजमान झाले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझ्या त्या मित्राच्या मुलीचा फोन आला. मित्र जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. तिने विचारले, "काका, बाबांच्या त्या ओव्या तुमच्याकडच्या कॉम्प्युटरमध्ये असतील ना?"

माझा मित्र सुटीच्या दिवशी सायकलवर मोर्शी-वरूडकडच्या गावांतून फिरत असे आणि म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत असे. दोन वर्षे रात्री बसून त्याने त्या संगणकावर जुळवल्या होत्या. पुस्तक काढायचे राहून गेले. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. उरली होती ती एकच प्रत, त्या चकतीवर. तिच्याखाली काय आहे हे या जगात फक्त मला माहीत होते, आणि मी ती किलोच्या भावाने दिली.

ती चकती चालली असतीच असे नाही. पंचवीस वर्षे पडून राहिलेले यंत्र दगा देऊ शकते. पण अशी जुनी चकती आजच्या संगणकाला जोडण्याचे साधन अगदी थोडक्या पैशांत मिळते, आणि प्रयत्न करायला एक दुपार पुरली असती. पेरॉक्साइडसाठी आम्ही आठ दिवस दिले होते.

दुहेरी कुलूप

ही केवळ माझ्या घरची गोष्ट असती तर ती वर्तमानपत्रात मांडण्याचे कारण नव्हते. साधारण १९९० ते २००५ या पंधरा वर्षांत मराठीचे लिखाण कागदावरून संगणकावर गेले. या प्रवासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर आपल्याच वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला ते सर्वांना आठवते. परंतु त्याच संस्थेने, कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट' तंत्र पुढे नेऊन, साध्या संगणकावर देवनागरी आणली, हे कमी लोकांना आठवते. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण तालुक्याच्या गावातल्या डीटीपी केंद्रापर्यंत युनिकोड पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली. तोवर प्रत्येक कंपनीचा मराठी टंक वेगळा, त्याची अक्षरे साठवण्याची रीत वेगळी. मजकूर एका टंकात जुळवला आणि तो टंक संगणकावर नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा दिसतो.

म्हणजे त्या काळातल्या मराठी लिखाणाला दुहेरी कुलूप आहे. एक यंत्राचे, दुसरे टंकाचे. यंत्राच्या पट्टीवरची जुनी निकेल-कॅडमियमची बॅटरी फुटून तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खातो. धारित्रे फुगून गळतात. फ्लॉपीवर बुरशी चढते. कवच पिवळे पडणे हे या सगळ्यांत सर्वांत निरुपद्रवी दुखणे आहे, आणि आपले लक्ष मात्र तेवढ्याकडेच जाते, कारण ते दिसते.

या लिखाणात काय काय असेल? स्थानिक दिवाळी अंकांची पाने, गावोगावच्या संस्थांचे सुवर्णमहोत्सवी अंक, कोणा हौशी माणसाने गोळा केलेले वऱ्हाडी शब्द, अप्रकाशित कवितांच्या वह्या. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके छापून निघाली, ती ग्रंथालयांत आहेत. तालुक्याच्या गावातले न छापलेले लिखाण पिवळ्या खोक्यांतच राहिले.

आमच्या मोर्शी तालुक्यातच रिद्धपूर आहे. गोविंदप्रभूंचे हे गाव. इथेच म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून जमवल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. महानुभाव परंपरा सांगते, की खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. म्हणूनच तिचे निरनिराळे पाठ आज मिळतात. पोथी गेली तरी ग्रंथ वाचला, कारण तो पाठ असलेली माणसे होती. फितीवरचा आणि चकतीवरचा मजकूर कोणाला पाठ आहे?

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. अभिजाततेचे पुरावे आपण शिलालेखांत आणि पोथ्यांत शोधले, ते योग्यच झाले. माझी सूचना लहान आहे. या विद्यापीठाने एक खोली, दोन-तीन चालू स्थितीतले जुने संगणक, त्या काळातले मराठी टंक आणि चार तरुण तंत्रज्ञ एवढ्यावर एक विभाग सुरू करावा. लोकांनी जुन्या चकत्या, फ्लॉप्या, सीडी तिथे आणून द्याव्यात. विभागाने त्यांतला मजकूर काढून, युनिकोडमध्ये बदलून, एक प्रत मालकाला द्यावी आणि त्याच्या परवानगीने एक आपल्याकडे ठेवावी. तालुक्यातल्या सार्वजनिक वाचनालयांनी गोळा करण्याचे काम अंगावर घ्यावे. संगणकाची हौस असलेली पोरे गावोगाव आहेत. माझ्या भाच्याने पेरॉक्साइडपायी जी चिकाटी दाखवली, तिला योग्य दिशा देण्याचे काम आम्हा मोठ्यांचे होते. चूक त्याची नाही, माझी आहे.

प्रत्येक जुने यंत्र जपा, असे मी म्हणत नाही. घरे तेवढी मोठी नाहीत, आणि जपण्यासारखे त्यांत बहुधा काही नसतेही. ई-कचऱ्यासाठी २०१६ मध्ये नियम झाले, त्यांच्या जागी आलेले सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे वस्तू देणे हाच बरा मार्ग. ब्रोमीनयुक्त प्लास्टिक आणि तारा उघड्यावर जाळल्या, तर डायऑक्सिनसारखी विषे हवेत जातात, आणि ती जाळणारा गरीब पोरगा ती आधी श्वासात घेतो. द्यायचे ते जरूर द्यावे. पण देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : यात कोणाचे काय लिहिलेले आहे?

गेल्या थंडीपासून मित्राची मुलगी आणि मी त्याने सांगितलेल्या गावांची नावे आठवून तिथे जाऊ लागलो आहोत. त्या वेळच्या बहुतेक बायका आता नाहीत. एका गावात एक आजी भेटल्या, नव्वदीच्या पुढच्या. आम्ही ओव्यांचे नाव काढताच त्या म्हणाल्या, "मास्तरनं तं सारं लिहून नेलं व्हतं, आता पुन्हा कायले इचारता, भाऊ?"

मला उत्तर देता आले नाही. मुलीनेच सावरून घेतले. त्या दिवशी अकरा ओव्या मिळाल्या. त्या आम्ही वहीत लिहिल्या, संगणकावर युनिकोडमध्ये उतरवल्या आणि तीन ठिकाणी ठेवल्या.

फळीवरचे खोके खिडकीकडच्या बाजूने पुन्हा पिवळे पडू लागले आहे. भाचा म्हणतो, येत्या मे महिन्यात पुन्हा उन्हात ठेवू. मी त्याला सांगितले आहे, की या उन्हाळ्यात गावातल्या बंद पडलेल्या डीटीपी केंद्रांची यादी करायची आहे. खोके आहे तसेच राहू दे.